‘ऑन टाइम’ की ‘इन टाइम’?

नववीच्या एका मुलाने इंग्रजी निबंधात लिहिले होते, की आजीला सर्पदंश झाला असता डॉक्टर ‘ऑन टाइम’ आले आणि तिचे प्राण वाचले. आम्ही त्या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली. वही घेऊन तो आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, वेळेवर आले म्हणजे ‘ऑन टाइम’च ना?”

त्याचे म्हणणे निराधार नव्हते. मराठीतील ‘वेळेवर’ आणि आमच्या घरच्या कोंकणीतील ‘वेळार’ हे शब्द दोन निराळे अर्थ पोटात घेतात. इंग्रजीने मात्र त्यांची वाटणी केली आहे.

‘ऑन टाइम’ म्हणजे नेमलेल्या वेळी. सातची फेरीबोट ठीक सातला सुटली, म्हणजे ती ‘ऑन टाइम’ सुटली. ‘इन टाइम’ म्हणजे काम साधेल इतके आधी. सातला पाच मिनिटे कमी असता धक्क्यावर पोहोचलेला उतारू बोटीसाठी ‘इन टाइम’ आला. सर्पदंशाची वेळ कोणी नेमून देत नाही. प्रश्न असतो तो विष अंगात भिनण्यापूर्वी उपचार होण्याचा. म्हणून डॉक्टर ‘इन टाइम’ आले, असेच म्हटले पाहिजे.

याच कुळातील आणखी काही शब्द पाहू. ‘पंक्च्युअल’ म्हणजे वक्तशीर. हा बहुधा मनुष्याच्या सवयीचा गुण होय. बिंदू या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो निघाला आहे. ‘प्रॉम्प्ट’मध्ये नेमलेल्या वेळेपेक्षा तत्परतेला महत्त्व आहे, पत्र येताच धाडलेले उत्तर ‘प्रॉम्प्ट’ होय. ‘टाइमली’ म्हणजे समयोचित. याच्या शेवटी ‘ली’ असला तरी हे विशेषण आहे. यास्तव ‘ही केम टाइमली’ असे न लिहिता ‘टाइमली हेल्प’ असे लिहावे. ‘ऑपॉर्च्यून’ म्हणजे अनुकूल वेळेचा. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द गलबताला बंदराकडे नेणाऱ्या वाऱ्याविषयी योजीत. समुद्रकाठच्या मुलांना तो सहज स्मरणात राहील.

शब्द निवडताना स्वतःस एवढेच विचारावे: येथे घड्याळ पाहावयाचे आहे, की कार्य साधले ते पाहावयाचे आहे?

त्या मुलाने ‘ऑन’ खोडून ‘इन’ लिहिले. इंग्रजीत एकच अक्षर बदलले. परंतु आधीच्या वाक्यात डॉक्टरांचा केवळ वक्तशीरपणा होता, नव्या वाक्यात आजीचा जीव होता.