अर्धी खात्री, दुप्पट ओढ

'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ रोजी आपल्याकडच्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला यायचा होता. पण तो आधीच फुटला. रॉकस्टार कंपनीने घाईघाईने खरा ट्रेलर खुला केला, तेव्हा इथे सिल्वासात पहाटेचे पाच वाजत आले होते. बातमी मिळण्याच्या बाबतीत लॉस एंजेलिस आणि सिल्वासा यांच्यात आता अंतर उरलंय ते एवढंच, घड्याळाचं. १९९५पासून लॉस एंजेलिसच्या ज्या 'ई३' मेळ्यात नव्या गेमच्या घोषणा गाजायच्या, तो कायमचा बंद झाल्याचं त्याच डिसेंबरात जाहीर झालं. कंपन्या आता थेट यूट्यूबवर बोलतात.

फोनवर खबर पोचते तीही मोठ्या काटकसरीने. प्रत्येक ॲप स्वतंत्रपणे 'काही नवीन आहे का' असं विचारत बसलं, तर बॅटरी दुपारीच मान टाकेल. म्हणून अँड्रॉइड फोन गूगलच्या सर्व्हरशी एकच जोडणी उघडी ठेवतो आणि बहुतेक ॲपचे निरोप त्याच वाटेने येतात. चॅनलची घंटी दाबणं म्हणजे त्या वाटेवर आपलं नाव नोंदवणं.

पण घंटी वाजायच्या आधीच माणूस पुन्हापुन्हा फोन उघडून बघतो, ते का? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये 'सायन्स' नियतकालिकात माकडांवरचा एक प्रयोग मांडला. पडद्यावर वेगवेगळ्या आकृत्या दाखवायच्या. एका आकृतीनंतर रसाचा थेंब हमखास मिळायचा, एकीनंतर कधीच नाही, तर काहींनंतर अधूनमधून. आकृती दिसल्यापासून रस मिळण्याच्या क्षणापर्यंत डोपामिन पेशींची धडपड चढत जायची, आणि ती सगळ्यांत जास्त असायची शक्यता निम्मी-निम्मी असताना! हमखास रसाच्या वेळी हा चढ दिसतच नव्हता. दोन सेकंद थांबणारं माकड आणि दोन वर्षं थांबणारा पोरगा यांना एका मापाने मोजू नये, हे खरं. तरीही पक्क्या तारखेपेक्षा 'येणार म्हणे' हे दोन शब्द का जास्त छळतात, याचा धागा इथे सापडतो.

आपल्याकडे ही अर्धी खात्री लाखो पोरांनी एकदमच अनुभवली. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली. नोव्हेंबरात भारतासाठी वेगळी आवृत्ती काढण्याची घोषणा झाली, पण तारीख काही मिळेना. दिल्लीत परवानगीचं काय चाललंय याच्या रोज नव्या वावड्या. शेवटी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'ची पूर्वनोंदणी १८ मे २०२१ला सुरू झाली आणि दोन आठवड्यांत दोन कोटी नावं लागली. गेम आला २ जुलैला. जुलै २०२२मध्ये तोही दुकानातून उतरवला गेला, मे २०२३मध्ये परतला. एवढा अनियमित रसाचा थेंब शुल्त्स यांनाही सुचला नसता.

अशा वाट पाहण्याच्या काळात खरा धोका असतो बनावट 'एपीके' फाइलींचा, म्हणजे ॲप बसवायच्या फाइलींचा. 'लाँच झाला, इथून घ्या' अशी लिंक ग्रुपवर पडते आणि आतुर बोट ती दाबतं. फाइलीवर नाव गेमचं, आत मात्र काहीही असू शकतं. प्ले स्टोअरवर कंपनीच्या नावाने दिसत नाही तोवर गेम आलेला नाही, एवढं धरून चालावं. आगामी गोष्टींची माहिती आधीच काढण्याचा आणखी एक रस्ता मात्र मला गमतीचा वाटतो. अपडेटच्या फाइली उकलून त्यांतली न वापरलेली चित्रं, शस्त्रांची नावं काही खेळाडू शोधून काढतात. फाइल खरी असते, तिचा अर्थ लावणं हा अंदाज. कंपनीने ते नंतर टाकूनही दिलेलं असतं.

अशी वाट आपल्याकडचे गेमही पाहायला लावतात. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' या गेमची पूर्वनोंदणी जानेवारी २०२३मध्ये उघडली. एक कोटीहून जास्त नावं जमली, गेम आला १६ ऑक्टोबर २०२४ला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट उलटी. त्यांच्या 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो फसला. तीन वर्षांनी, १८ ऑगस्ट २०२०ला, निन्टेन्डोच्या एका ऑनलाइन कार्यक्रमात 'राजी' झळकला आणि त्याच दिवशी स्विचवर विक्रीलाही आला. तारखेची अफवा उठायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.