गोठ्याचा नकाशा : कागदावर की मोबाईलमध्ये?

पूर्वी घराचा वा गोठ्याचा नकाशा कागदावरच मिळत असे. आता तो पीडीएफ फाईल होऊन मोबाईलवर येतो. जव्हारजवळच्या शिरपामाळ परिसरात पाऊस भरपूर असल्याने बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून मृगापूर्वी उरकावे लागते. त्या घाईत गोंधळ होऊ नये म्हणून नकाशा कसा वापरावा हे आधीच ठरवावे.

मोबाईलमधील नकाशा फाटत नाही, अभियंत्याकडे लगेच पाठवता येतो आणि त्याच्या कितीही प्रती निघतात. परंतु पडद्यावर तो लहान-मोठा होत असल्याने पट्टी लावून माप घेता येत नाही. कागदी नकाशा जोत्याशेजारी अंथरता येतो, मालक व गवंडी दोघांनाही एकदम दिसतो. त्याला रेंज वा चार्जिंग लागत नाही.

खरी चूक फाईलवरून कागद काढताना होते. समजा, सहा गाईंचा गोठा बांधायचा आहे. छताखाली दर गाईस सुमारे ३.५ चौ.मी. जागा धरल्यास ६ मी. × ३.५ मी., म्हणजे २१ चौ.मी. जागा लागते. १:२० प्रमाणात, म्हणजे १ मीटरला ५ सेंमी धरून, ए-३ कागदावर लांबी ३० सेंमी येते. झेरॉक्सच्या दुकानात तोच नकाशा ए-४ कागदावर बसवून काढला, तर ती सुमारे २१ सेंमी भरते. गवंड्याने पट्टीने मोजून आखणी केली, तर जोते ४.२ मी. × २.५ मी. होईल. जागा निम्मी होऊन तीनच गाई मावतील!

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. प्रत्येक भिंतीचे माप नकाशावर आकड्यात लिहून घ्यावे. आखणी आकड्यांवरूनच करावी.
२. नकाशावर १० सेंमीची रेघ काढून घ्यावी. प्रिंटवर ती १० सेंमी भरली तरच प्रमाण बरोबर समजावे.
३. बदल केल्यास नव्या नकाशावर तारीख टाकावी व जुन्या प्रतीवर काट मारावी.
४. कामावरील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावी.
५. डिजिटल सहीची फाईल मूळ स्वरूपात जपावी. सहीची पडताळणी फाईलवरच होते. प्रिंट ही केवळ प्रत असते.

थोडक्यात, फाईल जपणुकीसाठी व कागद कामासाठी ठेवावा. जोत्याची दोरी लावण्यापूर्वी टेपने एकदा स्वतः मोजून पाहावे.