विश्लेषण : काळ्या मातीत घरांना तडे का जातात?

मराठवाडा-विदर्भातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज भरपूर असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर घरही दरवर्षी वर-खाली होते. मात्र सगळीकडे सारखे नाही, म्हणून दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात. त्यांत नुसते सिमेंट भरणे ही पुढच्या उन्हाळ्यापुरतीच सोय.

उपाय काय?
पाया मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास तळाशी फुगवटा असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल घालतात.

शोषखड्ड्याचे काय?
ओल्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, त्यामुळे सेप्टिक टँकचा शोषखड्डा ऐन पावसात तुंबतो. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात उतरते हे आधी पाहावे, पण माती पुरती भिजवूनच. उन्हाळ्यात भेगांतून पाणी झरझर जाते आणि फसगत होते. कोकणातल्या जांभ्यात उलट चिंता : सांडपाणी झटकन मुरून विहिरीत उतरण्याची.

परसबाग कुठे?
भिंतीलगत नको. रोजच्या पाण्याने पायाची एकच बाजू फुगते. मोठी झाडेही दूर लावावीत. उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाखालची ओल शोषतात.