ताटातलं वाडग्यात

मोबाइलवरून जेवण मागवणाऱ्या पोरापोरींच्या तोंडी हल्ली ‘बाऊल’ हा शब्द सारखा असतो. राजमा राइस बाऊल, पनीर बाऊल, अमकं बाऊल न् तमकं बाऊल. म्हणजे काय, तर एकाच डब्यात खाली भात, वर उसळ-भाजी, कडेला काहीतरी कुरकुरीत. चमचा घ्यायचा आणि खाऊन मोकळं व्हायचं! आपल्या भाषेत वाडगाभर जेवण. जपानात याला डोनबुरी म्हणतात. टोकियोच्या मासळी बाजारात १८९९ साली निघालेलं योशिनोया हे दुकान घाईतल्या माणसांना असाच भातावर मांस घातलेला वाडगा द्यायचं. आज त्याच्या शाखा देशोदेशी आहेत.

कराडला आमची खानावळ आहे. २०२० च्या टाळेबंदीत वसतिगृहं रिकामी झाली आणि आमच्या पंगतीही. मुलं परत आली, पण येऊन बसायची सवय मोडली होती. त्यांना जेवण खोलीवर हवं. ताट घरपोच द्यायचं म्हणजे आमटी, भाजी, भात, कोशिंबीर यांच्या पाच-सहा डब्या, वर चपात्यांचा कागद. डब्यांचाच खर्च अंगावर यायचा. खानावळ चालू ठेवायची की बंद करायची, इथवर घरात बोलणं आलं. तेव्हा मी वाडग्याचं काढलं.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, आपण ताट वाढणारी माणसं. कालवाकालव करून कुणाला देतात का?’’ म्हटलं, ‘‘आत्याबाई, वरण-भात आपण कालवूनच खातो की!’’ त्या हसल्या, पण एक अट घातली: शिळं-उरलेलं एकत्र करून वाडगं भरायचं नाही. ती अट आजही पाळतो.

खरी गोम इथंच आहे. ताट आपण वाढतो आणि माणूस लगेच जेवतो. वाडग्याला मात्र झाकण लागल्यावर अर्धा तास प्रवास करायचा असतो. आत वाफ धरते, भात रस पीत राहतो, कुरकुरीत ते मऊ पडतं. म्हणून कुठलाही नवा वाडगा आम्ही भरून, झाकून अर्धा तास ओट्यावर ठेवतो आणि मग घरातल्यांनी खायचा. पास झाला तरच यादीत!

त्यातून कळलेल्या चार गोष्टी सांगते. पातळ आमटी भातावर ओतली तर भात ती पिऊन टाकतो, म्हणून आमटी वेगळ्या डबीत किंवा त्याऐवजी अंगासरशी रसाची मटकी नाहीतर चवळीची उसळ. इंद्रायणी भात गरम असताना छान, पण गार झाला की गोळा होतो. दूरच्या ऑर्डरला कोलम बरा. भेंडीची कुरकुरीत काप मऊ पडतात, बटाट्याची सुकी भाजी आणि परतलेली फरसबी टिकते. काकडीला आधी मीठ लावू नका, पाणी सुटतं. शेंगदाणे, शेव, पापडाचा चुरा कागदी पुडीत वेगळा द्या.

आमचा मटकीचा वाडगा असा: १८० ग्रॅम भात, १२० ग्रॅम उसळ, ८० ग्रॅम सुकी भाजी, ४० ग्रॅम कोशिंबीर वेगळ्या डबीत. वजनकाटा ओट्यावरच ठेवलाय. ‘हाताचा अंदाज’ घरी ठीक. इथं रोज दोन डाव जास्त गेले की महिन्याचा नफा गेला.

भाताची काळजी जास्त घ्या. भातातले काही जिवाणू शिजवूनही पुरते मरत नाहीत, कोमट भातात पुन्हा वाढतात. द्यायचं अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं. आम्ही एकदम मोठं पातेलं न लावता थोडा थोडा भात लावतो. घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक मिळतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बंदी आहे, तेव्हा चमचा लाकडी.

आता हिशेब. समजा, वाडगा १४० रुपयांना लावला. कंपनीचं कमिशन आणि त्यावरचा कर मिळून ३५ गेले, उरले १०५. सामान ४८, डबा-चमचा-पिशवी १४, गॅस-वीज ८, झाले ७०. हातात ३५. यातूनच मदतनीस बाईंचा पगार आणि आपला. हो, आपलासुद्धा! बऱ्याच जणी सामानाचा खर्च काढतात, वर दहा-वीस रुपये ठेवतात आणि ‘घरचंच तर करतेय’ म्हणत पहाटेपासूनचे श्रम फुकट देतात. आकडा बसत नसेल तर किंमत वाढवा, नाहीतर जवळच्या गिऱ्हाइकांना फोनवर थेट ऑर्डर द्यायला सांगा. कमिशन वाचतं. पण आपली मजुरी कापून स्वस्ताई करू नका.

आमच्या यादीत आज पाचच वाडगे आहेत. पंचवीस ठेवले तर भाज्या सडतात. पाचांत एकच उसळ दोन ठिकाणी फिरते, मसाला एकच वाटला जातो.

तुमच्या गावाचंही काहीतरी असेलच. कुठं वरणफळं, कुठं पिठलं-भात, कुठं डाळकांदा. एक निवडा, झाकण लावून अर्धा तास ठेवा आणि मग चाखून बघा. जमलं तर किंमत लिहिताना स्वतःचा पगार मात्र विसरू नका!