घोडनदीच्या काठी : सायकलवरून आणि होडीतून

प्राचीन नगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगड उभे राहतात. बुरूज, वेशी, देवळांची शिखरे, मोडक्या मूर्ती. परदेशांत तर अशा नगरांची मोठी व्यवस्था असते. सयाम म्हणजे आजच्या थायलंडमध्ये अयुथ्या नावाची जुनी राजधानी आहे. नावात आपली अयोध्याच आहे. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पासाक या तीन नद्यांच्या वेढ्यात बेटासारखे वसलेले हे नगर १३५१ मध्ये स्थापन झाले आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जाळून उद्ध्वस्त केले. आज तेथे जाणारे प्रवासी भाड्याची सायकल घेऊन विटांचे मनोरे पाहतात आणि सायंकाळी नावेत बसून बेटाला वळसा घालतात. हे वाचले तेव्हा मनात आले, की सायकल आपल्याकडे आहे, नदीही आहे. राहता राहिले प्राचीन नगर. ते तर अयुथ्येपेक्षा जवळजवळ तीन हजार वर्षांनी जुने असे आपल्या शिरूर तालुक्यातच आहे, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते पाहिले आहे!

ते म्हणजे इनामगाव. नगर हा शब्द त्याला जरा मोठा होईल. ते एक भरभराटीचे खेडे होते. पण महाराष्ट्रातला शेतकरी पहिल्यांदा कसा राहत होता, काय खात होता, मेलेल्याला कसा पुरत होता, हे जाणून घ्यायचे तर जगभरच्या विद्वानांना याच गावाचे नाव घ्यावे लागते.

आमची स्वारी दोन सायकलींवरून शिरूरहून निघाली. शिरूरला जुनी माणसे अजून 'घोडनदी' म्हणतात. गावाला नदीचेच नाव. सह्याद्रीत आंबेगाव तालुक्यात उगम पावलेली ही नदी शिरूरवरून पुढे चिंचणीच्या धरणात अडते आणि तेथून सुटली की पुणे जिल्हा व पलीकडचा श्रीगोंदा तालुका यांची सीमा आखत दौंडच्या वरच्या अंगाला भीमेत मिळते. न्हावऱ्यापर्यंतचा रस्ता वाहता आहे. उसाच्या ट्रॉल्या मागून आल्या की सायकल खाली उतरवून उभे राहावे, हे उत्तम. न्हावऱ्यानंतर रस्ता शांत होतो आणि दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा लागतो. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. हिरवे दिसते ते कालव्याचे, उपशाचे आणि विहिरींचे.

गावात पोहोचल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले, "आबा, ते उत्खनन झालेले ठिकाण कोठे आहे?" ते हसून म्हणाले, "पांढरीवर जायचंय व्हय? तिथं आता काय हाये बघायला!"

पांढर किंवा पांढरी हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. शेतीची जमीन ती काळी, वस्तीची जमीन ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एका जागी राहिली, त्यांच्या मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, चुलींची राख, शेण, हाडे, खापरे यांचे थर साचले, की जमिनीला पांढुरका रंग येतो आणि उंचवटा तयार होतो. ही माती खत म्हणून गुणकारी, म्हणून शेतकरी गाड्या भरभरून ती शेतात नेतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या वस्त्या अशा खताच्या गाड्यांतून शेतात पसरून गेल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ मात्र अशा पांढरीच्याच शोधात असतात. इनामगावच्या पांढरीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. एका खेड्यासाठी इतकी वर्षे खणत बसणे ही गोष्ट त्या काळी नवीनच होती. सामान्यतः एखादा उभा चर खणायचा, थर मोजायचे आणि पुढच्या गावाला जायचे, अशी रीत असे. येथे आडवे उत्खनन झाले. म्हणजे एका काळाचा सबंध थर मोकळा करून घरांच्या रांगा, अंगणे, गल्ल्या उघड्या केल्या. शंभरांहून अधिक घरे मिळाली.

आबांचे म्हणणे एका अर्थाने खरे होते. खणलेले चर केव्हाच बुजले आहेत. वर गवत, बाभळी आणि पायाखाली खापऱ्या. पण एक खापरी उचलून पाहा. तांबूस अंगावर काळ्या रेषांची नक्षी दिसली, की समजावे ही जोर्वे संस्कृतीची. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे, तेथे ही भांडी पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून हे नाव. (पाहून ती जागच्या जागी ठेवावी, खिशात घालू नये.)

या पांढरीत तीन काळ एकावर एक आहेत. सर्वांत खाली माळव्याकडून आलेल्या लोकांची वस्ती, इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची. त्यावर पूर्व जोर्वे, इ. स. पूर्व १४०० ते १०००. हा भरभराटीचा काळ. सर्वांत वर उत्तर जोर्वे, इ. स. पूर्व १००० ते ७००. त्यानंतर गाव उठले.

भरभराटीच्या काळातले घर चौकोनी, ऐसपैस. भिंती बुटक्या, कुडाच्या, मातीने लिंपलेल्या. वर गवताचे छप्पर. घरात चूल, धान्याच्या कणग्या, आणि कणगीखाली ठेवायचे चपटे दगड. माझ्या आजोळी कणगीखाली अगदी असेच दगड आहेत. कणगीला खालून ओल लागू नये ही युक्ती तीन हजार वर्षांत कोणाला बदलावीशी वाटली नाही. धान्य जळून कोळसा झाले की टिकते. अशा जळक्या दाण्यांवरून कळते की मुख्य पीक सातू म्हणजे जव होते. शिवाय गहू, मसूर, लाख, कुळीथ. बोरे तर होतीच. कुंभाराच्या भट्ट्या होत्या, तांब्याचे काम करणारे कारागीर होते.

एक घर पाच खोल्यांचे निघाले. शेजारी धान्याचे कोठार. हे गावच्या प्रमुखाचे घर असावे असे ढवळीकरांनी मांडले. पाटलाचा वाडाच म्हणाना. त्या घराच्या अंगणात एक विलक्षण दफन मिळाले. त्या काळी मोठ्या माणसाला खड्ड्यात, डोके उत्तरेकडे करून आडवे पुरत आणि त्याचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेल्याने उठून परत चालत येऊ नये, अशी त्यामागे भीती असावी. लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि ते घरातच, जमिनीखाली पुरत. आईच्या नजरेआड नको म्हणून असेल. अशा बालकांची दफने तेथे पुष्कळ आहेत, आणि हे वाचताना मन बसते. पण पाच खोल्यांच्या घरातला तो माणूस मात्र चार पायांच्या, मातीच्या कच्च्या रांजणात मांडी घालून बसवलेला होता आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते! अशाच घडणीचा आणखी एक रांजण मिळाला, पण त्यात माणूस नव्हता. त्याच्यासोबत पुरलेल्या भांड्यांपैकी एकावर चित्र आहे : लांब वल्ह्यांची नाव.

ही नाव माझ्या मनातून जात नाही. घोडनदीवर तेव्हा नाव चालत होती, हे तर त्यावरून दिसतेच. पण देह न सापडलेल्या दफनाजवळ नाव कशाला? मेलेल्याला 'पैलतीरी गेला' असे आपण आजही म्हणतो. तोच विचार त्या चित्रात असेल काय? चितारणाऱ्याने लिहून काही ठेवले नाही. लिहिण्याची कला त्यांच्याजवळ नव्हतीच.

तेव्हा आम्हीही होडी शोधली. पूर्वी या नद्यांवर ठिकठिकाणी तर चालत. पूल झाले तसे उतार मोडले. गुऱ्हाळांच्या या मुलखात पुराच्या वेळी गुळाची काहील पाण्यात लोटून तिच्यातून माणसे पैलतीरी नेल्याच्या गोष्टी तर घरोघर ऐकायला मिळतात. आम्हांला मासे धरणाऱ्या एका मामांची पत्र्याची होडी मिळाली. बंधाऱ्यामागे तुंबलेले पाणी संथ होते. सायकली आडव्या टाकल्या आणि मामांनी वल्हे मारले. काठावरून जे दिसत नाही ते पाण्यातून दिसते. नदीने कापलेली दरड हे एक उभे पुस्तकच आहे. खाली वाळू आणि गोटे, वर पिवळसर गाळ, त्यावर काळी माती. नदीने कधी किती वाहून आणले, कधी ती शांत झाली, हे अभ्यासकाला अशाच दरडीवरून वाचता येते. आणि गाव नेमके तेथेच का वसले तेही कळते. पाणी हाताशी, गाळाची जमीन शेजारी, आणि वस्ती पुराच्या रेषेच्या वर.

पूर्व जोर्वे काळातल्या लोकांनी केवळ पाण्याकाठी राहून भागवले नाही. त्यांनी बांध घालून पाणी वळवले, पाट काढला. कुणा एका कुटुंबाचे हे काम नव्हे. माणसे गोळा करणारा, काम वाटून देणारा आणि कोठारातून त्यांना धान्य देणारा कोणी तरी हवा. म्हणूनच पाच खोल्यांचे घर, कोठार आणि पाट या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात, असे मला वाटते. आपल्याकडचे कालव्याचे आवर्तन आणि त्यावरचे राजकारण ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

मग हे गाव उठले का? उत्तर जोर्वे थरात चित्र पालटते. चौकोनी घरे जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. गहू नाहीसा होतो. शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. भांडी ओबडधोबड होतात. ढवळीकरांचे मत असे, की इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवा कोरडी होत गेली, पाऊस फसू लागला, शेतकरी पुन्हा मेंढपाळ आणि शिकारी झाला, आणि शेवटी गाव सोडून निघून गेला. नेवासे, दायमाबाद ही गावे तर आधीच ओस पडली होती. इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले. म्हणजे दुष्काळाने उठवलेले गाव. आपल्या भागात ही गोष्ट लगेच पटते, कारण १९७२ चा दुष्काळ येथल्या प्रत्येक घरात अजून सांगितला जातो.

पण हे सर्वांनाच मान्य नाही. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधक विदुषीने याच दफनांतल्या बालकांच्या हाडांचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, हे तिला हाडांत दिसले. परंतु हवामान एकाएकी बिघडल्याचा पुरावा तिला पुरेसा वाटत नाही. हा प्रदेश आधीपासूनच कमी पावसाचा आणि लहरी होता. अशा जमिनीवर शेतीचा भार वाढत गेला आणि ती थकली, असा तिच्या विवेचनाचा रोख आहे. दोन्ही मतांत फरक मोठा आहे. पहिल्यात दोष आभाळाचा, दुसऱ्यात माणसाच्या हिशेबाचा. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात बारमाही ऊस घेणाऱ्या आपणां लोकांना हा वाद निव्वळ पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. होडीतून जाताना दोन्ही काठांवरून पाण्यात सोडलेले उपशाचे पाइप आम्ही मोजू लागलो आणि मध्येच मोजणे सोडून दिले.

मामांनी आम्हांला श्रीगोंद्याच्या बाजूला उतरवले. भाडे घ्यायला ते तयार नव्हते. "शिकणारी पोरं तुमी" म्हणाले. तेथून काष्टीच्या रस्त्याला लागलो. काष्टी म्हणजे बैलांच्या बाजाराचे गाव. बैलांवरून आठवले : इनामगावात मातीची एक लंबगोल पेटी मिळाली. तिच्यात एक लहान स्त्रीमूर्ती होती आणि पेटीसोबत दुसरी, बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक आहे. काडीने ती देवी त्यावर बसवत असाव्यात. देवी कोणती, तिच्याकडे काय मागत, हे सांगायला कोणी उरले नाही. पण बैलावाचून येथे ना शेती होत होती, ना देव.

काष्टीहून दौंडला येताना भीमेचा पूल लागतो. घोडेचे पाणी एव्हाना भीमेत मिसळलेले असते आणि पुढे ते उजनीच्या जलाशयाकडे जाते.

ज्यांना हे सर्व पाहायचे असेल त्यांनी पांढरीवर जाण्याआधी किंवा गेल्यानंतर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जरूर जावे. इनामगावातून निघालेले पुष्कळसे तेथे आहे. खापरे, मणी, तांब्याच्या वस्तू, आणि चार पायांच्या रांजणात बसलेला तो माणूस. दौंडहून सकाळच्या गाडीने गेले तर दुपारपर्यंत पाहून संध्याकाळी परत येता येते.