मुळाशी माती राहू द्या

मिरचीचे रोप वाफ्यातून काढून शेतात लावताना आपण मुळाशी माती राहू देतो, ऊन उतरल्यावर लावतो आणि लगेच पाणी देतो. घरदार सोडून आलेल्या माणसाचेही असेच आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटले आणि लक्षावधी लोकांना घर सोडावे लागले. त्या बातम्या वाचताना आम्हांला आपल्या गुजरातमधलीच एक हकीकत आठवली.

दुसऱ्या महायुद्धात रशियाने पूर्व पोलंड व्यापला आणि असंख्य कुटुंबांना सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार केले. कित्येक मुलांचे आईबाप उपासमारीने व रोगराईने गेले. अशी शेकडो मुले 1942 मध्ये जामनगरजवळ बालाचडीला आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आश्रय दिला. छावणीची जबाबदारी फादर प्लुटा या पोलिश धर्मगुरूंवर होती.

जामसाहेब हिंदू, मुले कॅथलिक. तरी मुलांची प्रार्थना, भाषा, सणवार सारे टिकले. त्या मुलांनीच पुढे एक आठवण सांगितली आहे. पानात वरचेवर येणारा पालक त्यांना नकोसा झाला आणि त्यांनी तो खाण्याचे नाकारले. जामसाहेबांच्या कानी हे गेले, तेव्हा त्यांनी पालक बंद करायला लावला! पालक प्रकृतीला चांगला, हे खरेच. पण पोरक्या मुलाला आपले कोणी ऐकते असे वाटणे, हेही औषधच.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेले सिंधी बांधव आले. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ!

आपल्या गावी असे कोणी आले तर काय करावे? बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट वाढू नये. थोडे थोडे, वरचेवर द्यावे व डॉक्टरांना दाखवावे. मुलांना लसी टोचून घ्याव्यात व शाळेत घालावे. मोठ्यांना नुसते दान देऊ नये, जमेल ते काम योग्य मजुरीवर द्यावे. त्यांची भाषा व प्रार्थना त्यांची त्यांना राहू द्यावी.

पवित्र कुटुंबही बाळाला घेऊन मिसर देशात परके म्हणून राहिले होते. दाराशी आलेल्याचे नाव विचारण्याआधी त्याला पाणी द्या, एवढेच आमचे सांगणे.