घाशीराम गेला, कोतवाली राहिली

आमच्या विष्णुपुरीपासून तेलंगणाची शीव फार लांब नाहीं. त्या प्रांतींचे ब्राह्मण पेशवाईंत श्रावणमासाच्या दक्षिणेसाठीं पुण्यास जात. सन १७९१ च्या ऑगस्टांत असे गेलेले कित्येक परत आलेच नाहींत. कोतवाल घाशीराम सावळदास याच्या बागेंतील फळें तोडल्याच्या आरोपावरून त्यांस कोंदट कोठडींत कोंडलें होतें. मानाजी फाकडे यांनीं कुलूप तोडविलें, तेव्हां विसांहून अधिक माणसें गुदमरून मेलेलीं आढळलीं. खवळलेल्या जमावानें ता. ३१ ऑगस्ट रोजीं घाशीरामास दगडांनीं ठार केलें. तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळें ही हकीकत घरोघर पोहोंचली आहे, तेव्हां तिचा विस्तार नको.

आम्हांस कोडें पडतें तें निराळेंच. विद्वानांच्या त्या नगरींत १७७७ पासून चौदा वर्षें हा कारभार चालला कसा? रात्रीची तोफ झाल्यावर वाटसरूस अडविणें, तंटे तोडणें, बाजारभाव ठरविणें, आल्यागेल्याची नोंद ठेवणें, हें सारें कोतवालाच्याच हातीं. त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें न्यावें, तर तें ज्यांनीं त्यास नेमिलें त्या नाना फडणविसांकडेच! घाशीराम मेल्यावर कोतवालीवर नवा मनुष्य आला. गाऱ्हाणें ऐकणारा तिऱ्हाईत कांहीं आला नाहीं.

पुढें इंग्रजी अमदानींत १९०२ सालीं फ्रेझरसाहेबांचें कमिशन बसलें. पोलीस लांचखाऊ व जुलमी आहेत, असें त्या सरकारी कमिशननेंच लिहून ठेविलें. स्वराज्यांतही १९७९ ते १९८१ पर्यंत राष्ट्रीय पोलीस आयोगानें आठ अहवाल दिले. ते बहुतांशीं कपाटांत राहिले. अखेर ता. २२ सप्टेंबर २००६ रोजीं प्रकाश सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हुकूम सोडले: ठाण्याच्या अंमलदारास किमान दोन वर्षें हलवूं नये, आणि राज्यांत व जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणारें प्राधिकरण असावें.

महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा दुरुस्त केला खरा; पण कसा? जिल्ह्याचें प्राधिकरण विभागावर नेऊन भागविलें, आणि मुदतीपूर्वीच्या बदलीस 'अपवादात्मक प्रसंगीं' अशी पळवाट ठेविली. ज्यांच्या मर्जीनें बदल्या होतात, त्यांनींच ती ठेवावी, यांत आम्हांस तरी नवल वाटलें नाहीं.

आमच्या घरीं चौकींत जाण्याचा प्रसंग आला, कीं वडील मंडळींचा पहिला प्रश्न अद्यापि ठरलेला असतो: "तेथें कोणी ओळखीचें आहे काय?"